आधी थांबती, मग चालती, मग देखणी

पत्र

"माझ्या वडिलांची 1983 सालची प्रीमियर पद्मिनी विलेपार्ल्याला आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडखाली, ताडपत्री पांघरून उभी आहे. वडिलांनी ती 2014 मध्ये शेवटची चालवली आणि चार वर्षांपूर्वी ते गेले. आता सोसायटीने 'बंद वाहन हटवावे' अशी नोटीस लावली आहे. यजमानांचे म्हणणे, भंगारात देऊन टाकावी. डिप्लोमा करणारा माझा मुलगा म्हणतो, सगळी खोलू आणि नवे इंजिन, रुंद चाके घालून 'मॉडिफाय' करू. मला मात्र ती होती तशीच हवी आहे आणि स्वतः चालवायची आहे. येत्या मार्चमध्ये मी शाळेतून निवृत्त होत आहे. इतकी जुनी गाडी मुंबईत कायद्याने चालवता येते का? घरच्या घरी किती काम होऊ शकते? आणि एकदा तरी तिने आम्हाला गुहागरला न्यावे असे मनात आहे, तो वेडेपणा ठरेल का?"
— एक वाचक भगिनी, विलेपार्ले

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

गुहागरचा प्रश्न तुम्ही शेवटी आणि जरा संकोचाने विचारला आहे. मी मात्र सुरुवात तिथूनच करतो, कारण गाडी कशासाठी दुरुस्त करायची हे एकदा ठरले की तिच्यावर काय करायचे आणि काय करायचे नाही, याचा निम्मा गुंता सुटतो. तुम्हाला ती चालवायची आहे. प्रदर्शनात मांडायची नाही आणि विकून चार पैसेही काढायचे नाहीत. तेव्हा माझे सांगणे एवढेच, की गाडी आधी थांबती करा, म्हणजे तिचे ब्रेक धरते करा, मग चालती करा आणि देखणी करण्याचा विचार त्याच्या पुढच्या हिवाळ्यात करा. हौशी माणसे बहुतेक वेळा हा क्रम नेमका उलटा धरतात. मीही धरला होता.

नव्वदच्या दशकात माहीमला चाळीच्या अंगणात माझी 1969 सालची फियाट 1100 डिलाइट उभी होती. ती 'मुळापासून' करायची या उत्साहात मी एका मे महिन्यात तिचे दरवाजे, सीटा, डॅशबोर्ड, इंजिन, सगळे उतरवले आणि नटबोल्ट, क्लिपा, बुश असे सुटे भाग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून प्रत्येक डब्यावर खळीने चिठ्ठी चिकटवली. पहिल्याच पावसाळ्यात झुरळांनी खळ खाल्ली, खळीबरोबर चिठ्ठ्याही गेल्या आणि माझ्यापुढे बावीस डबे उरले, ज्यांत काय आहे हे झाकण उघडूनही कळत नव्हते. ती गाडी पुन्हा रस्त्यावर यायला चार वर्षे लागली, आणि त्यांतली तीन वर्षे तिच्यावर काहीच काम झाले नाही; उघडे सांगाडे पाहून माणसाचे मनच उडते. तुमच्या मुलाचा उत्साह मोलाचा आहे, पण 'सगळी खोलू' हे त्याचे वाक्य घरात चालू देऊ नका. एका वेळी एकच विभाग खोलायचा आणि तो जोडून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. खोलण्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा. माझ्या वेळी ती सोय नव्हती.

आता कायद्याचे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बाद, हा नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रासाठी झालेला आहे. तो मुंबईचा नाही. मुंबईत वीस वर्षांची मर्यादा आहे ती टॅक्सीला, आणि त्याच मर्यादेमुळे ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या बातमीनंतर पद्मिनीवरच बंदी आल्याचा समज पुष्कळांनी करून घेतला. कदाचित तुमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीनेही करून घेतला असेल. खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. गाडी तपासणीत उतरली तर वयाचा अडथळा येत नाही. खर्च मात्र वाढला आहे. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 रुपयांवर गेले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी 2025 मध्ये ते 10,000 रुपये झाले. त्याशिवाय पर्यावरण कर आणि मुदत उलटून गेल्याचा विलंब आकार धरून चाला.

तुमच्या बाबतीत नूतनीकरणाच्याही आधी एक पायरी आहे. गाडी अजून वडिलांच्या नावावर असणार. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने नाव बदलून घेण्यासाठी फॉर्म 31 भरायचा असतो आणि त्याची मुदत तीन महिन्यांची आहे. ती तुमची केव्हाच टळली आहे, पण म्हणून दार बंद झालेले नाही, दंड भरून काम होते. मृत्यूचा दाखला, तुमचा वारस म्हणून पुरावा आणि बहीण-भाऊ असल्यास त्यांचे संमतीपत्र तयार ठेवा. भावंडांची संमती आज, गाडी गंजलेला पत्रा असताना, घ्या. ती चकचकीत होऊन दारात उभी राहिली की प्रत्येकाला तिच्यात आपले बालपण दिसू लागते. असे प्रसंग मी पाहिले आहेत. तुमचे आरसी बुक जुन्या कागदी स्वरूपातले असेल आणि नंबर तीन अक्षरी जुन्या मालिकेतला असेल, तर ती नोंद संगणकावर नसण्याची शक्यता धरा. अशा वेळी अंधेरीच्या आरटीओत आधी जुन्या नोंदीची बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते आणि मगच पुढचा अर्ज स्वीकारला जातो. आरसी बुकातला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. गंजामुळे चॅसी नंबर वाचता येत नसेल तर त्यावर सँडपेपर घासू नका. रॉकेलच्या फडक्याने हलकेच पुसा, वर कागद धरून पेन्सिल फिरवा, आकडे उठतात. इन्स्पेक्टरही ठसा असाच घेतो.

कोणी तुम्हाला 'व्हिंटेज नोंदणी करा, सगळे सोपे होईल' असे सांगेल. ते ऐकू नका. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेले ते नियम पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहेत, म्हणजे तुमच्या पद्मिनीला अजून 2033 ची वाट पाहावी लागेल. शिवाय 'व्हीए' अक्षरांचा नंबर घेतलेली गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे, देखभाल अशा ठराविक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. भाजी आणायला नाही आणि गुहागरलाही नाही. तुमच्यासाठी साधे नूतनीकरणच योग्य.

नोंदणी जिवंत होईपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर काढू नका, तपासणीला न्यायची तरी टोइंगच्या सपाट गाडीवरून न्या. नूतनीकरणासाठी विमा आणि पीयूसी लागते. पीयूसीसाठी इंजिन चालू असावे लागते. आणि तपासणीला ब्रेक लागावे लागतात. म्हणजे कागदाचा रस्ताही पुन्हा त्याच क्रमाने जातो.

सोसायटीचे काम त्यामानाने सोपे आहे. नोटिशीला तोंडी उत्तर देऊ नका. गाडी वारसाहक्काने नावावर करण्याचे काम सुरू आहे, ती इतक्या महिन्यांत चालू होईल आणि आवारात काम फक्त रविवारी, दुपारची वेळ सोडून केले जाईल, असे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. जळके ऑइल गटारात जाणार नाही आणि आवारात पेट्रोलचे कॅन साठवले जाणार नाहीत, हेही त्यात लिहा. आणि लिहिलेले पाळा, कारण तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला पेट्रोलचा वास आला की तुमची सारी पुण्याई संपते.

आता मुख्य कामाकडे वळू. ताडपत्री काढल्यावर घरातले कोणी तरी हमखास म्हणेल, 'नवी बॅटरी लावून सेल्फ मारून तर बघू.' कृपा करून मारू नका. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात सिलेंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगांना गंज धरलेला असतो आणि अशा वेळी जोराने फिरवलेले इंजिन रिंग मोडून बसते. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर, जमल्यास दोन दिवस, तसेच राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने सावकाश फिरवून पाहा. फिरले तर देवाचे आभार माना. नाही फिरले तर पान्याला पाइप घालून ताकद लावू नका, पुन्हा तेल सोडा आणि आठवडाभर थांबा. इंजिन हाताने मोकळे फिरू लागले की जुने ऑइल आणि फिल्टर बदला आणि ते तिथेच सोडून ब्रेककडे जा. इंजिन चालू करण्याचा मोह ब्रेक होईपर्यंत टाळावा, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण इंजिन चालू झाले की गाडी हलवायचा मोह कोणालाच आवरत नाही.

त्या पिढीच्या गाड्यांत पॅडलने दाबला जाणारा एकच मास्टर सिलेंडर एकाच वाटेने चारही चाकांना ब्रेक ऑइल पुरवतो. आजच्या गाडीत एका वाटेला गळती झाली तरी दुसऱ्या वाटेवरची चाके धरतात. इथे एका चाकाची रबरी वाटी फाटली तर पॅडल सरळ फळीला टेकते आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. त्यात ब्रेक ऑइलला हवेतली ओल शोषून घ्यायची सवय, आणि मुंबईच्या हवेत ओलीला तोटा नाही. माझ्या फियाटच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा ड्रम उतरवला तेव्हाचे दृश्य मला अजून आठवते. ड्रम सुटेना, म्हणून लाकडी ठोकळा धरून गोल फिरत हातोडीने टिचक्या मारत गेलो. तो निघाला तेव्हा आत काळ्या भुकटीचा थर होता आणि व्हील सिलेंडरचे, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलेंडरचे, रबरी टोपण बाजूला करताच गुळाच्या काकवीसारखा तपकिरी चिकट पदार्थ बोटाला लागला. तेच कधीकाळचे ब्रेक ऑइल. एका बाजूचा पिस्टन बोटाने दाबताच सरकला, दुसरा गंजून सिलेंडरशी एकजीव झाला होता. असे सिलेंडर सँडपेपरने घासून परत बसवणारे मिस्त्री भेटतात. घासलेल्या भिंतीत खड्डे राहतात आणि नवे रबर महिन्याभरात फाटते. तेव्हा चारही चाकांचे व्हील सिलेंडर आणि मास्टर सिलेंडर सरळ नवे घाला, रबरी होज बदला, लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर त्याही नव्या करून घ्या. या एका खात्यात काटकसर नको.

दोन सूचना जिवाच्या आहेत. ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, म्हणून मास्क लावून ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि फडके पिशवीत बांधून टाका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. पद्मिनीला वेगळी चौकट नाही, तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. जॅक लावायची जागा आतून कुजलेली असेल तर जॅक लोण्यात शिरावा तसा शिरतो. टणक जागा पाहून खाली जॅक स्टँड, जमिनीवरच्या चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे, आणि बाहेर दुसरे माणूस उभे, एवढे असेल तरच काम.

पेट्रोलच्या वाटेवर तुमच्या वडिलांना नसलेली एक अडचण तुम्हाला आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि 1983 सालच्या रबराला ते मानवत नाही. जुन्या नळ्या मऊ पडतात, पेट्रोल पंपाचा पडदा ताणतो, कार्बोरेटरची गॅस्केटे सुजतात, आणि गळणारे पेट्रोल नेमके तापलेल्या एक्झॉस्टच्या बाजूला ठिबकते. त्यामुळे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या आणि तशाच पडद्याचे किट मागून घ्या; दुकानदार 'सगळे सारखेच असते' म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. टाकी उतरवून आतले जुने पेट्रोल ओता. त्याला व्हार्निशसारखा उग्र वास येईल आणि तळाशी गंजाचा चिखल असेल. टाकी धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवा आणि टाकी ते पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर घाला, म्हणजे पहिले काही आठवडे किती गंज येतो आहे ते डोळ्यांना दिसेल. टाकीला झाळ मारायची झाली तर ते काम घरी नको, अनुभवी माणसाकडेच द्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे हलके पडते, म्हणून गाडी चढावर धापा टाकत असेल तर मिस्त्रीकडून मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक भोक, जरा मोठा करून घ्यावा. पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा तुमच्या गाडीसाठी 3 टक्क्यांच्या आत यावा लागतो, आणि चांगल्या हाताने लावलेला कार्बोरेटर तो सहज आणतो.

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि त्याच्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे, ही जोडी लक्षात ठेवा. नळाचे साधे पाणी वर्षानुवर्षे घातले की ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते, त्याची पांढरी साय रेडिएटरच्या नळ्यांत बसते आणि एक दिवस घाटात गाडी उकळते. उकळलेल्या हेडाला बाक आला की हेड गॅस्केट टिकत नाही. म्हणून रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, होज नव्या घाला आणि पाण्याऐवजी कूलंट वापरा. हे सांगायला एक वाक्य लागते, पण पद्मिनीची निम्मी बदनामी एवढ्याच कारणाने झालेली आहे.

इग्निशनचे काम मुलाला द्या. प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढून आतले पॉइंट साफ करणे, फिलर गेजने फट मोजणे, कंडेन्सर बदलणे, प्लगची फट बरोबर करणे, हे जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून शिकण्यासारखे काम आहे, आणि आजच्या गाडीत त्याला ते कधीच पाहायला मिळणार नाही. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू झाली नाही तर बहुतेक वेळा टोपणाच्या आत दव धरलेले असते. कोरड्या सुती फडक्याने पुसले की दोन मिनिटांत चालू. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायला माझी हरकत नाही, फक्त जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. वायरिंगला मात्र कोणी 'एक वायर इथून तिथे' असा शॉर्टकट सुचवला तर नकार द्या. बॅटरीचा कट-ऑफ स्विच आणि सीटखाली अग्निशामक, या दोन गोष्टी मूळ गाडीत नव्हत्या तरी बसवाच. सीटबेल्टही बसवा, त्यांचे बोल्ट नुसत्या पत्र्यात नकोत, मागे जाड पट्टी वेल्ड करून त्यात हवेत.

मुलाच्या नव्या इंजिनाच्या कल्पनेला कायदाच आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि इंजिन बदलले तर त्याची रीतसर नोंद करावी लागते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की 1089 सीसीच्या चाळीस-बेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनासाठी केलेल्या गाडीत दुप्पट ताकद घातली तर तिचे ड्रम ब्रेक, मागचे पाटे, स्टिअरिंग, सगळेच अपुरे पडते. रुंद चाकांनी स्टिअरिंग इतके जड होते की पार्किंग करताना तुमचे खांदे दुखतील. त्याला सांगा, की या गाडीत बदल करण्यासारखी जागा हेडलाइटची आहे: रिले घालून दिव्यांना पूर्ण व्होल्टेज दिले की मूळचे मिणमिणते दिवे बरेच सुधारतात.

गंजाबद्दल मन घट्ट करा. समुद्र तुमच्यापासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. एक लोहचुंबक आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दरवाज्यांच्या खालची कड, पायाखालची फळी, बॅटरीचा तळ आणि डिकीची जमीन तपासा. चुंबक चिकटत नसेल तिथे पुट्टी आहे आणि स्क्रू-ड्रायव्हर आरपार जात असेल तिथे पत्रा उरलेलाच नाही. माझ्या गाडीच्या खालच्या पट्टीत एका गॅरेजने कुजलेला भाग न कापता वरून पुट्टीचे थर देऊन, घासून, सुंदर रंग मारून दिला होता. पुढच्या पावसाळ्यानंतर तो सबंध थर पोळीच्या पापुद्र्यासारखा हातात आला. तेव्हा सांगाड्याला आधार देणारा पत्रा कुजला असेल तर तो कापून नवा वेल्ड करून घेण्याचे काम चालती करण्याच्या टप्प्यातच करा, रंगासाठी थांबू नका. आणि डेंटरला रंगाआधीच्या उघड्या पत्र्याचे फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडे गाडी ठेवू नका. रंगाचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीमध्येच करावे. दमट हवेत जुन्या पद्धतीचा ड्युको रंग वाळताना ओल धरतो आणि चकाकीवर पांढुरकी साय येते. तोपर्यंत फिक्या, ओरखडलेल्या रंगाची गाडी चालवण्यात कमीपणा मानू नका.

घरी काय आणि बाहेर काय, याचे माझे गणित असे आहे: साफसफाई, खोलणे-जोडणे, ब्रेकचे भाग बदलणे, ट्यूनिंग, वायरिंगची तपासणी, सीटा हे घरी, वेल्डिंग, रंग, हेडाचा तळ मशीनवर सपाट करून घेणे आणि गिअरबॉक्स हे बाहेर. ब्रेक तुम्ही घरी केलेत तरी गाडी हलवण्याआधी ते एकदा जाणत्या मिस्त्रीच्या नजरेखालून घाला. टॅक्सीच्या पद्मिनी करत आलेले मिस्त्री आता साठीच्या पुढचे आहेत, काहींनी शटर ओढले आहे. पण काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा जुना चालक तुमच्या ओळखीत असेल तर त्याला विचारा, त्याला त्याचा मिस्त्री नक्की ठाऊक असतो. भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसच्या आजूबाजूची मोटार पार्टची दुकाने फिरा. ज्या कुर्ल्यात या गाड्या तयार झाल्या तिथेच त्यांचे सुटे भाग भंगारातून मिळावेत, हा योगायोग मला नेहमी जरा हलवून जातो. जाताना जुना भाग पिशवीत घेऊन जा. 'पद्मिनीचा' एवढ्याने भागत नाही, कारण 1974 मध्ये मिळालेले हे नाव जवळपास 2000 पर्यंत चालले आणि मधल्या काळात डायनॅमोपासून गिअरपर्यंत पुष्कळ काही बदलले.

यजमानांच्या भंगाराच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते उडवून लावू नका. सांगाड्याचा पत्रा मुख्य आधारांपाशीच कुजलेला निघाला, तर मीही तोच सल्ला देईन. म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका आणि त्यानंतर महिन्याला ठराविक रक्कम बाजूला काढून तेवढ्यातच काम करा. कर्ज काढून जुनी गाडी करणाऱ्यांची गाडी शेवटी कर्ज फेडण्यासाठीच विकली जाते.

गुहागर पहिल्या वर्षी नको. आधी जुहू, मग बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, मग अलिबागच्या वाटेवर वडखळपर्यंत आणि परत, असे अंतर वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर खाली कागद पसरून काय गळते ते पाहा. हजार-दीड हजार किलोमीटर असे झाले, एक पावसाळा पार पडला आणि गाडीने एकदाही दगा दिला नाही, तर पुढच्या थंडीत पहाटे निघा; फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, एक रेडिएटर होज आणि पाच लिटर पाणी डिकीत असू द्या. टायरवर झीज नसली तरी त्यांच्या बाजूला कोरलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. वडिलांनी घातलेले टायर कितीही नवे दिसोत, ते बदलायचेच.

कागद हातात आले, की पहिली फेरी रविवारी सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना काढा. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, तो चालत्या गाडीत कुरकुरतो. ब्रेकचे पॅडल आजच्या गाडीपेक्षा बरेच आधी आणि बरेच जोराने दाबावे लागते, म्हणून पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. जुहूला पोहोचलात की गाडी सावलीत उभी करून खाली उतरा आणि चारही चाकांच्या मधोमध, हात न भाजेल अशा बेताने, तळहात नेऊन पाहा. तीन कोमट आणि एक गरम लागले, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही आहे. परत येऊन आधी तो ड्रम उघडा, आणि आत काय निघाले ते मला जरूर कळवा.